कोंसियाँसमधली आडवी रेघ

फ्रेंच डॉक्टर म्हणाला की रुग्णाची 'कोंसियाँस' हरपली, तर समजायचं की माणूस बेशुद्ध झाला. आणि केल्या कृत्याबद्दल कुणाची 'कोंसियाँस' त्याला टोचत असेल, तर ती सदसद्विवेकबुद्धी. इंग्रजीत याला दोन शब्द लागतात: जाणिवेला 'कॉन्शसनेस', आतल्या टोचणीला 'कॉन्शन्स'. फ्रेंच माणूस एकाच शब्दात दोन्ही बोलतो आणि ऐकणाऱ्याला संदर्भावरून नेमकं कळतं.

अडचण आली ती पिएर कॉस्त या अनुवादकाला. तत्त्वज्ञ जॉन लॉकचा मानवी आकलनावरचा इंग्रजी ग्रंथ तो फ्रेंचमध्ये आणत होता, आणि तोही खुद्द लॉक राहत असलेल्याच घरात, इसेक्समधल्या ओट्स इथे. कॉस्त तिथे त्या घरच्या मुलाचा शिक्षक होता. लॉकचं म्हणणं असं, की माणूस काल होता तोच आज आहे, तो शरीरामुळे नव्हे, तर 'कॉन्शसनेस'मुळे. इथे नुसतं 'कोंसियाँस' लिहिलं असतं, तर वाचक समजला असता की माणसाला 'तोच' ठरवते ती नीतिबुद्धी! मग कॉस्तने शब्दाच्या मधोमध आडवी रेघ ओढली, 'कों-सियाँस' असं तिरप्या टायपात छापलं, आणि ओळखीच्या शब्दाला आपण अनोळखी अर्थ का देतो आहोत हे तळटीपेत सविस्तर समजावलं. 1700 मध्ये ॲम्स्टरडॅमला हा अनुवाद निघाला. हाच अनुवाद वाचून तत्त्वज्ञ लाइब्निझने लॉकला ग्रंथभर उत्तर लिहिलं आणि 'कॉन्शसनेस'साठी 'कोंसियोझिते' असा नवाच फ्रेंच शब्द घडवला.

एका इवल्या रेघेवर एवढा विचार! पण मला खरं थक्क करतं ते पुढचं. लॉक एक कल्पना मांडतो: राजपुत्राचा आत्मा, गतायुष्याच्या जाणिवेसकट, जोडे शिवणाऱ्याच्या देहात शिरला तर? लॉक म्हणतो, व्यक्ती म्हणून तो राजपुत्रच, आणि जाब द्यायचा तो राजपुत्राच्या कृत्यांचा. म्हणजे ज्याची जाणीव आपली, त्याची जबाबदारीही आपली. ज्या दोन अर्थांची गल्लत होऊ नये म्हणून कॉस्त झटत होता, ते लॉकच्या विचारात असे शेजारी शेजारी बसलेले आहेत. शब्दाच्या लॅटिन मुळातही 'सोबतीनं जाणणं' आहे: आपल्या कृत्याचा जणू आपणच साक्षीदार. साक्षीदाराला आधी दिसावं लागतं, मगच तो दोष देऊ शकतो. म्हणून फ्रेंचचा हा एकच शब्द मला शब्दांची गरिबी वाटत नाही. इंग्रजीने तोडलेला धागा त्यात शाबूत आहे.

लाइब्निझचा तो उत्तराचा ग्रंथ 1765 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर जवळपास अर्धशतकाने छापला गेला. त्याचा शब्द काही रुळला नाही. कॉस्तची रेघही गळून पडली. आज फ्रेंचमध्ये गोंधळ होण्यासारखा असेल, तिथे टोचणीच्या अर्थाला 'मोराल', म्हणजे नैतिक, हे विशेषण जोडतात. एरवी दोन्ही अर्थ त्याच एका शब्दात नांदतात.