छप्पर उतरते असावे

वसईतील आपल्या धर्मग्रामांत कर्ज काढून कौलारू घराच्या जागी सपाट स्लॅबचा बंगला बांधला जातो. काही वर्षांनी घराला आशीर्वाद देण्यास जावे, तो छतावर ओल! खाऱ्या वाऱ्यातील क्षार काँक्रीटमधून सळईपर्यंत पोहोचले की ती गंजते. गंज लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीट फुटते. कर्ज फिटण्यापूर्वीच डागडुजी सुरू होते. उतरत्या छपरावर पाणी थांबत नाही. वळचण दोन-अडीच फूट पुढे काढल्यास भिंतीही कोरड्या राहतात, रंगाचा खर्च वाचतो. केरळात घरे बांधणारे वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७-२००७) रुंद वळचणीचा आग्रह धरीत, तो आम्हांस पटतो. स्लॅब हवाच असेल, तर खाडीची वाळू टाळावी व सळईवर काँक्रीटचे पुरेसे आवरण राहील, हे समक्ष पाहावे.