आधी पिल्लांचं खाणं, मग जोडी

फायटर माशाचा विषय निघाला की गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. "ताई, एका वेळी दोनशे अंडी, म्हणजे दोनशे मासे ना?" हिशेब चुकतो तो इथेच. अंडी मिळणं फारसं अवघड नाही. अवघड आहे ते पिल्लं जगवणं. पहिल्या दोन आठवड्यांत पुष्कळ पिल्लं जातात, ती बरेचदा उपाशी राहून. म्हणून आज आपण सुरुवात खाण्यापासूनच करू.

हा मासा मूळचा थायलंडचा, तिथल्या उथळ, संथ पाण्यातला. २०१९ साली थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. तो वर येऊन हवेतूनही श्वास घेतो, म्हणून छोट्या बरणीतही तग धरतो.

नवं पिल्लू टाचणीच्या टोकाएवढं असतं. बाजारातलं दाणेदार खाद्य त्याच्या तोंडात मावत नाही आणि हलत नसलेल्या खाण्याकडे ते बघतही नाही. त्याला लागतात पाण्यातले बारीक जिवंत जीव. ते घरीच तयार होतात. तळ्याचं थोडं पाणी फडक्यातून गाळून बरणीत घ्या. त्यात केळ्याच्या वाळलेल्या सालीचा तुकडा टाका, तोंडाला फडकं बांधा आणि बरणी उजेडात ठेवा, पण कडक उन्हात नको. पाणी आधी गढूळ होईल. चार-पाच दिवसांनी उजेडाकडे धरून पाहा. बारीक पांढरे ठिपके हलताना दिसले की खाणं तयार झालं. जोडी त्यानंतरच लावायची.

जोडीसाठी पसरट टब घ्या. पाणी चार ते सहा इंच पुरे. नळाचं पाणी असेल तर एक दिवस उघडं ठेवून मग वापरा. पाण्यावर थर्माकोलचा अर्धा कप तरंगत सोडा आणि मादीला लपायला थोडी पाणवनस्पती ठेवा. मादीला पहिला दिवस पारदर्शक बाटलीत ठेवून ती बाटली टबात ठेवा. नर बुडबुड्यांचं घरटं बांधतो. घरटं झालं आणि मादीचं पोट भरलेलं दिसलं की तिला सोडा. मादी अंडी देते, नर ती तोंडाने उचलून घरट्यात ठेवतो. अंडी देऊन झाली की मादीला लगेच बाहेर काढा, नाहीतर नर तिला जखमी करतो.

एक-दोन दिवसांत अंडी फुटतात. आणखी दोन-तीन दिवस पिल्लं घरट्याखाली लटकून राहतात. तोवर नरच त्यांना सांभाळतो आणि त्यांना खाणंही लागत नाही. पिल्लं आडवी पोहू लागली की नराला काढा आणि बरणीतलं पाणी दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं घाला. चार-पाच दिवसांनी आर्टेमियाची नुकती निघालेली पिल्लं द्या. आर्टेमियाची अंडी दुकानात मिळतात, ती मिठाच्या पाण्यात साधारण एका दिवसात फुटतात.

टबावर झाकण हवंच, पण हवेला थोडी फट ठेवा. हवेतून श्वास घेण्याचा अवयव पिल्लांत काही आठवड्यांनी तयार होतो. त्या काळात गार वारा त्यांना सोसत नाही. पाणी २६ ते २८ अंश असावं, म्हणून कडाक्याच्या थंडीत जोडी लावू नका. तळातली घाण बारीक नळीने हळू ओढून घ्या आणि तेवढंच, तितकंच कोमट पाणी सावकाश घाला.

मोठ्या पिल्लांना डासांच्या अळ्या आवडतात. पण त्यासाठी पिंप उघडं ठेवलं तर घरात डेंग्यू येईल. अळ्या रोज गाळून संपवायच्या.

आता पैशाचं बोलू. दोन-तीन महिन्यांत नर भांडू लागतात. मग प्रत्येक नराला वेगळी बाटली लागते. पन्नास नर म्हणजे पन्नास बाटल्या आणि त्या सगळ्यांचं पाणी बदलणं. भाव मुख्यतः नरालाच मिळतो. म्हणून गटाचं कर्ज उचलण्याआधी जवळच्या मत्स्यदुकानात विचारा: किती घेणार, कोणता रंग, काय भावाने? सुरुवात एकाच जोडीने करा. उरलेले मासे विहिरीत किंवा ओढ्यात मात्र सोडू नका. बाहेरून आणलेला मासा आपल्या पाण्यातल्या माशांना त्रासाचा ठरू शकतो.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत आधी कामं वाटून घ्या. बरणी कोण लावणार, सकाळ-संध्याकाळ खाणं कोण घालणार, बाटल्या कोण धुणार? ही तीन नावं ठरली की मग जोडी आणा.