काट्याविना जुळलेल्या जोड्या

करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, मल्लविद्येचा गेल्या शतकातील मागोवा घेऊ पाहणाऱ्याने एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी, ती ही की, आज जिला आपण वजनगट म्हणतो ती व्यवस्था आमच्या मातीला ठाऊकच नव्हती. जोड लावली जाई ती वस्तादांच्या नजरेने. काटा कोणी आणीत नसे. त्यामुळे आपल्याहून पुष्कळ जड गड्यापुढे उभे राहण्याचा प्रसंग हलक्या अंगाच्या पोरावर वारंवार येई, आणि अशा समयी जोर-बैठकांनी कमावलेले बळ अपुरे पडून त्याची सारी भिस्त डावावरच राही.

शाहू छत्रपतींनी १८९४ मध्ये संस्थानचा कारभार हाती घेतल्यावर तालमींना दरबारचा आश्रय मिळाला, मल्लांच्या खुराकाची तजवीज झाली, आणि १९०२ च्या विलायतेच्या प्रवासात महाराजांनी रोमचे जे प्राचीन क्रीडागार पाहिले होते त्याच्या धर्तीवर १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले. उत्तरेकडील नामांकित मल्ल करवीरात येत, त्यांच्या लढती पाहून इथल्या वस्तादांची नजर तयार होई. धोबीपछाड हा डाव त्या नजरेने पाहावा. प्रतिस्पर्धी अंगावर रेटत येत असता त्याला विरोध न करता, त्याचा एक हात धरून क्षणात पाठ फिरवायची, आपली कंबर त्याच्या कंबरेखाली घालायची आणि त्याच्याच रेट्याची दिशा पुढे वाकवून त्याला खांद्यावरून मातीत आणायचे. यात पाडणाऱ्याचे बळ थोडे आणि पडणाऱ्याचेच अधिक खर्ची पडते. कलाजंग या डावातही भार हातांवर न घेता प्रतिस्पर्ध्याच्या खाली शिरून खांद्यांवर तोलला जातो. निव्वळ ताकदीने चीत केले तीच खरी कुस्ती, असे मानणारे रसिक तेव्हाही होते. त्यांचे मत मला कधीच पटलेले नाही.

डावपेच केवळ चढाईचे नसतात, हे मात्र १९१० मध्ये लंडनला दिसले. गामा पहिलवानासारख्या मल्लासमोर झ्बिस्को हा पोलंडचा अवाढव्य गडी कितीतरी वेळ पालथा पडून राहिला, आणि कुस्ती अनिर्णित सुटली. १९२८ मध्ये पतियाळात गामाने त्याला मिनिटभराच्या आत चीत केले, ही गोष्ट निराळी.

परंतु या सर्व विद्येची खरी कसोटी लागली ती कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांच्या रूपाने. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादी आणि तिचे नियम दोन्ही अपरिचित असूनही त्यांनी फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळवला. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा जमेना, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तेथे बँटमवेट, म्हणजे ५७ किलोच्या गटात, खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी येथील मल्लांना हरवले. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव; मानेला बगलेची मिठी घालून अंग वळवताच समोरचा तोल गमावी. जपानच्या इशीशी झालेली लढत मात्र ते हरले. हा इशी मूळचा जूदोपटू, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा तोल प्रथम मोडून मगच त्याला पाडावे, हे सूत्र ज्या विद्येचा पाया आहे तिच्यात घडलेला. महायुद्धोत्तर जपानात जूदोवर निर्बंध आल्याने तो कुस्तीकडे वळला होता. तोल मोडण्याच्या दोन परंपरा त्या दिवशी गादीवर एकमेकींना भिडल्या, असे मी मानतो. त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळता खाशाबांना सोव्हिएत संघाच्या मल्लाशी लढावे लागले, असे सांगितले जाते. अखेर कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

महाराष्ट्र केसरीची स्पर्धा १९६१ पासून सुरू झाली. हल्ली तिच्यात माती आणि गादी असे दोन विभाग असून विजेत्याला मिळणाऱ्या गदेसाठीची अंतिम लढत त्यांच्या विजेत्यांत होते. न्यायाच्या दृष्टीने वजनाचा काटा आला हे योग्यच झाले, परंतु गदेची कुस्ती जड गटापुरती राहिल्याने खाशाबांच्या अंगलटीच्या मल्लाला ती आता खेळताच येत नाही. आणि जड गड्याला पाडण्याची निकड ज्याला सर्वांत अधिक होती, तोच या मैदानाबाहेर राहतो.