ऊसतोडीला, कामाला, यात्रेला निघताय? रिचार्ज मारताना ‘नेट किती’ नंतर विचारा, आधी ‘दिवस किती’ ते विचारा

नांदेड/लातूर : दसरा-दिवाळी झाली की कंधार, लोहा, मुखेड, जळकोट, अहमदपूर भागातल्या गावांतून आणि तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात जातं, कुणी कर्नाटकात. बांधकामावर पुण्याला, हैदराबादला जाणारेही खूप. बहुतेकांच्या खिशात प्रीपेड सिम असतं. निघायच्या आदल्या दिवशी रिचार्ज मारला जातो आणि दुकानात प्रश्न एकच असतो, “नेट किती मिळतंय?” पण गाव सोडून जाणाऱ्यानं आधी मुदत बघायला पाहिजे. मुदत संपली की उरलेलं नेट वाया जातं. आणि सिम फार दिवस बंद पडलं तर नंबरच हातातून जाऊ शकतो.

रोजचं नेट रात्री बारापर्यंतच

‘रोज दीड जीबी, २८ दिवस’ असा पॅक म्हणजे एकूण ४२ जीबी. पण हे ४२ जीबी पाहिजे तेव्हा वापरता येत नाही. दिवसभर फडात असलेल्या माणसाचं अर्धा जीबीच वापरून झालं, तर उरलेलं एक जीबी सहसा रात्री बाराला जातं. उलट एखाद्या दिवशी दीड जीबी संपलं की नेट एकदम हळू होतं.

मग दुकानदार जास्तीच्या नेटचं व्हाउचर देतो. त्यातही दोन प्रकार असतात. काहींना स्वतःची मुदत असते, एक दिवस किंवा काही दिवस. काही मात्र मूळ पॅक चालू आहे तोवरच चालतात. मूळ पॅक उद्या संपणार असेल आणि आज असं व्हाउचर मारलं, तर पैसे गेलेच म्हणून समजा. नुसत्या नेटच्या व्हाउचरनं सिमची मुदत सहसा वाढत नाही.

महिना ३० दिवसांचा, पॅक २८ चा

२८ दिवसांचा पॅक घेतला तर वर्षात १२ नाही, १३ रिचार्ज लागतात. ही तक्रार वाढली तेव्हा ‘ट्राय’नं जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला. प्रत्येक कंपनीनं निदान एक पॅक पूर्ण ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला रिचार्ज होणारा ठेवलाच पाहिजे. दुकानात तो पुढं करत नाहीत, आपण मागावा लागतो.

आता हंगामाचा हिशेब करा. पाच महिने, म्हणजे १५० दिवस बाहेर राहायचं आहे. २८ दिवसांचे पाच रिचार्ज १४० दिवसच पुरतात, सहावा मारावा लागतो. ८४ दिवसांचे दोन मारले तर १६८ दिवस निघतात. फडावर, जिथं जवळ दुकान नाही अन् रेंजही धड नाही, तिथं हा फरक मोठा आहे. आधीचा पॅक चालू असताना नवीन मारणार असाल तर तो जुना संपल्यावर सुरू होणार की आजपासूनच, हे विचारून घ्या.

घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी

गावात आई-वडील साधा बटणाचा फोन वापरतात. त्यांना नेटचे पैसे भरायची गरज नाही. फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले वेगळे पॅक ठेवणं ‘ट्राय’नं डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना बंधनकारक केलं. त्याच वेळी अशा खास व्हाउचरची जास्तीत जास्त मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवस केली. “बिगर नेटचा, लांब मुदतीचा पॅक द्या,” असं सरळ सांगा.

९० दिवस सिम वापरलं नाही तर?

पॅक संपला की आधी आपला फोन लागणं बंद होतं, काही दिवसांनी येणारे फोनही थांबतात. सिमवर लागोपाठ ९० दिवस कॉल, एसएमएस, नेट असा काहीच वापर झाला नाही, तर कंपनी ते बंद करू शकते. पुढं तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो.

यावर एक नियम कामाचा आहे. सिमच्या मुख्य बॅलन्समध्ये किमान २० रुपये असतील, तर ते कापून नंबर पुढं चालू ठेवायची सोय कंपनीनं द्यावी लागते. पण वीसचा टॉप-अप मारला की कर वगैरे जाऊन हातात वीसपेक्षा कमीच जमा होतात, म्हणून थोडा मोठा टॉप-अप मारा. यानं नंबर वाचतो, फोन-एसएमएस चालू राहतीलच असं नाही.

नंबरला एवढं जपायचं कारण सगळ्यांना माहीत आहे. बँकेचा, पीएम किसानचा, लाडकी बहीणच्या ई-केवायसीचा ओटीपी त्यावरच येतो. नंबर गेला की आधार केंद्र आणि बँकेच्या चकरा सुरू, अन् तेवढे दिवस रोज बुडतो.

हद्द ओलांडताना

देगलूर, धर्माबादच्या पुढं तेलंगणात गेलं की फोन रोमिंग दाखवतो. आताच्या बहुतेक अनलिमिटेड पॅकमध्ये देशभर रोमिंग धरलेलं असतं. तरी नेट लागत नसेल तर सेटिंगमध्ये ‘डेटा रोमिंग’ चालू करा.

वैष्णोदेवीला जाणाऱ्यांनी मात्र ध्यानात ठेवावं. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिम चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. मुदतही शिल्लक, नेटही शिल्लक, पण फोन मुका. पॅकचे दिवस तेवढे सरत राहतात. म्हणून निघण्याआधी मोठा रिचार्ज मारू नका, घरच्यांना तसं सांगून ठेवा, नाहीतर सोबतच्यांपैकी एकाकडं तरी पोस्टपेड असू द्या.

पैसे देण्याआधी दुकानदाराला तीन गोष्टी विचारा : मुदत कोणत्या तारखेला संपते, नेट रोजचं आहे की एकगठ्ठा, आणि यानं सिमची मुदत वाढते का. सांगितलं एक अन् मिळालं दुसरंच, असं झालं तर १९८ वर फोन लावून तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा.