काशीच्या मासिकांचा इतिहास : राजाश्रय, वर्गणी आणि मराठी संपादक

वाराणसी : शहरातील घरगृहस्थी, अभिरुची आणि सार्वजनिक चर्चा यांना वाहिलेले मासिक आज नित्याची गोष्ट वाटते. काशीत या परंपरेचा पाया दीडशे वर्षांपूर्वी घातला गेला. तिच्या इतिहासात एक प्रश्न वारंवार उभा राहिला : मासिकाचा खर्च कोणी सोसायचा?

राजा शिवप्रसाद यांच्या पुढाकाराने 1845 मध्ये ‘बनारस अखबार’ सुरू झाले. लिपी देवनागरी असली, तरी त्याच्या भाषेवर उर्दूची दाट छाप होती. त्याचे संपादक गोविंद रघुनाथ थत्ते हे मराठी गृहस्थ होते. काशीत पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी कुटुंबांचा तेथील पत्रकारितेशी असलेला संबंध इतका जुना आहे.

शहराच्या सांस्कृतिक जीवनाला मासिकाचे रूप दिले ते भारतेंदु हरिश्चंद्र यांनी. 1850 मध्ये संपन्न व्यापारी घराण्यात जन्मलेल्या हरिश्चंद्रांनी विशीच्या आतच ‘कविवचनसुधा’ हे नियतकालिक काढले. आरंभी त्यात मुख्यतः काव्य असे; पुढे सामाजिक व राजकीय लेखनही येऊ लागले. मासिकाचे पाक्षिक आणि नंतर साप्ताहिक झाले. ऑक्टोबर 1873 मध्ये ‘हरिश्चंद्र मॅगझीन’ निघाले आणि आठ अंकांनंतर त्याचे ‘हरिश्चंद्रचंद्रिका’ असे नामांतर झाले. जानेवारी 1874 मध्ये आलेले ‘बालाबोधिनी’ हे हिंदीतील पहिल्या स्त्री-मासिकांपैकी एक मानले जाते. स्त्रीशिक्षण, संगोपन आणि गृहजीवन हे त्याचे विषय होते.

शासनाचा शिक्षण विभाग या तिन्ही नियतकालिकांच्या प्रत्येकी 100 प्रती विकत घेत असे. वर्गणीदार मोजके असताना हा आधार मोठा होता. पण तो सशर्त ठरला. ‘कविवचनसुधा’तील ‘मर्सिया’ या उपहासात्मक लेखाचा रोख लेफ्टनंट गव्हर्नर सर विल्यम म्यूर यांच्यावर आहे, असा अर्थ लावला गेला. मार्च 1874 मध्ये त्याच पत्राने विदेशी कापड न वापरण्याची प्रतिज्ञाही छापली. सरकारी खरेदी थांबली. हरिश्चंद्रांनी मानद दंडाधिकारीपदही सोडले आणि खर्चाचा भार त्यांच्या खासगी संपत्तीवर आला. ‘बालाबोधिनी’ सुमारे चार वर्षे चालले. ‘कविवचनसुधा’ पुढे चिंतामणराव धडफळे यांच्याकडे गेले. 1885 मध्ये, म्हणजे हरिश्चंद्रांच्या निधनाच्याच वर्षी, ते बंद पडले. मृत्युसमयी हरिश्चंद्रांचे वय अवघे 34 वर्षांचे होते.

अर्धशतकानंतर हाच प्रश्न प्रेमचंदांपुढे उभा राहिला. त्यांनी 1930 मध्ये काशीतून ‘हंस’ मासिक सुरू केले. 1933 मध्ये त्याचा खास काशी विशेषांकही निघाला. मात्र ‘हंस’ आणि ‘जागरण’ या पत्रांच्या तोट्यामुळे 1934 मध्ये त्यांना मुंबईतील अजंता सिनेटोन या चित्रपटसंस्थेत नोकरी पत्करावी लागली. 1936 मध्ये सरकारने ‘हंस’कडे जामीन मागितला. त्या वेळी मासिक भारतीय साहित्य परिषदेकडे होते आणि परिषद रक्कम भरण्यास तयार नव्हती. आजारी प्रेमचंदांनी स्वतः जबाबदारी घेऊन ते चालू ठेवले. त्याच वर्षी 8 ऑक्टोबर रोजी त्यांचे निधन झाले.

मे 1937 मध्ये निघालेल्या ‘हंस’च्या प्रेमचंद स्मृती विशेषांकाचे संपादन बाबूराव विष्णू पराडकर यांनी केले. 1883 मध्ये काशीतील मराठी कुटुंबात जन्मलेले पराडकर हे शिवप्रसाद गुप्त यांनी 1920 मध्ये स्थापन केलेल्या ‘आज’ या दैनिकाचे नामवंत संपादक होते.

भारतेंदूंची मासिके सरकारी खरेदीवर उभी होती. ती खरेदी थांबताच त्यांचा आधार गेला. ‘हंस’ला तोही आधार नव्हता, ते संपादकाच्या कमाईवर तगले. काशीत लेखकांची उणीव कधीच नव्हती. उणीव होती ती मासिकाला स्वतंत्र ठेवू शकेल एवढ्या वर्गणीदारांची. स्थानिक नियतकालिकांपुढील हा प्रश्न आजही सुटलेला नाही.