जुनी पिकअप : मोडावी कीं सुधारावी ?

आमच्या जालना जिल्ह्यांत मोसंबीची तोड सुरू झाली कीं अंबड, घनसावंगी, बदनापूर या तालुक्यांतील वाटांवर पिकअप गाड्यांची रीघ लागते. बैलगाडीचें पुष्कळसें काम आतां याच गाडीकडे आलें आहे. आणि बैलाप्रमाणें तीही एके दिवशीं थकते. मग धन्यापुढें प्रश्न उभा राहतो : कर्ज काढून नवी घ्यावी, कीं जुनीच सुधारावी ? गेल्या वर्षीं आमच्या घरींही हाच प्रश्न पडला. त्या निमित्तानें मिस्त्र्यांकडून जें कळलें तें वाचकांस सांगतों.

सर्वांत आधीं गाडीचा सांगाडा, म्हणजे चेसिस, तपासावा. इंजिन, हौदा, चाकें, सर्वांचा भार त्याच्यावर असतो. रासायनिक खताच्या गोण्या वाहून हौद्यांत क्षार सांडतात. ते पाण्याबरोबर खालीं झिरपून लोखंड खातात. मिस्त्री हातोडीनें ठोकून पाहतात. आवाज खणखणीत आला तर लोखंड निरोगी; बद्द आला किंवा पापुद्रे सुटले तर गंज आंत शिरला असें समजावें. अशा सांगाड्यावर पैसा घालणें म्हणजे ढासळत्या भिंतीस रंग देणें होय. ती गाडी मोडीतच काढावी. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भंगार वितळवून बांधकामाच्या सळया करतात. तेव्हां तें लोखंडही वायां जात नाहीं.

सांगाडा शाबूत असेल तर खर्चाचा क्रम ठरवावा. पुष्कळ जण आधीं इंजिनाचें बळ वाढवूं पाहतात. वास्तविक आधीं थांबण्याची सोय पाहिली पाहिजे. वेग दुप्पट झाला म्हणजे गाडीच्या अंगची गतिजन्य शक्ति चौपट होते. अर्थात् ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी थांबविण्यास ब्रेकला जें काम पडतें, त्याच्या चौपट ताशीं ८० च्या वेगांत पडतें. इ. स. २०२२ मध्यें समृद्धि महामार्ग आपल्या जिल्ह्यांतून सुरू झाला. तेव्हांपासून हें गणित सर्वांच्याच जिवाशीं निगडित झालें आहे. म्हणून पहिला रुपया ब्रेकचे लायनर, टायर, स्टिअरिंगचे सांधे व दिवे यांवर खर्च व्हावा.

इंजिनाचें दुखणें धुरावरून ओळखतां येतें. धूर काळा असेल तर हवा अपुरी पडते किंवा डिझेल जास्त जातें. अशा वेळीं एअर फिल्टर बदलणें व नोझल तपासणें पुष्कळदां पुरतें. धूर निळसर असेल तर ऑइल जळत आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असण्याचा संभव असतो, आणि तें काम खर्चाचें आहे.

आमच्या थोरल्या बंधूंचा आग्रह होता कीं, कमानींत दोन पाटे जादा घालावे, म्हणजे माल अधिक भरतां येईल. मिस्त्र्यांनीं साफ नकार दिला. पाटे वाढले म्हणून ब्रेक, एक्सल व टायर यांची ताकद वाढत नाहीं. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मूळ रचनेंत मनमानी फेरफार करूं देत नाहीं. आणि ८ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीस दरवर्षीं योग्यतेचें प्रमाणपत्र घ्यावें लागतें.

शेवटीं वडिलांनीं वहींत दोन रकाने आंखले. एकांत नव्या गाडीचे हप्ते, व्याज व विमा. दुसऱ्यांत दुरुस्ती, दरवर्षींची तपासणी आणि गाडी बंद पडल्यास बुडणारे दिवस. सांगाडा निरोगी निघाला होता. म्हणून दुसरा रकाना हलका ठरला. तोडीची घाई सुरू होण्यापूर्वींच काम उरकलें, आणि यंदाची मोसंबी त्याच गाडीनें बाजारांत गेली.

एक गोष्ट मात्र घरांत कायमची बदलली. पूर्वीं आम्ही मुलें हौद्यांत बसून यात्रेस जात असूं. ‘हौदा मालासाठीं आहे, लेकरांसाठीं नाहीं,’ असें मिस्त्र्यांनीं वडिलांस बजावलें. गाडी जुनीच राहिली; सुधारलों तें आम्ही.