चित्र आदिवासीचे, दालन कोणाचे?

वैनगंगेच्या काठी वसलेल्या पवनीच्या जगन्नाथ टेकडीत जो स्तूप दडलेला होता, तो १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या संयुक्त उत्खननात, डॉ. शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली उजेडात आला. आणि त्याच्या कठड्याचे जे कोरीव अवशेष हाती लागले त्यांवर, इतकी शतके मातीखाली काढूनही, ब्राह्मी लिपीतील दात्यांची नावे शाबूत होती. मुचलिंद नागाच्या शिल्पापाशी त्या नागाचेदेखील नाव कोरलेले आहे. ज्याने छिन्नी चालविली त्याचे नाव तेवढे कोणी लिहून ठेवले नाही, आणि कोणता स्तंभ कोठे उभा राहावा, प्रदक्षिणा घालणाऱ्याच्या दृष्टीस आधी काय पडावे आणि मागाहून काय, हे ज्याने ठरविले त्याचे तर नाहीच नाही. दाता, कारागीर आणि मांडणी ठरविणारा अशा या तिघांपैकी पहिल्याची नोंद प्राचीन काळाने केली, दुसऱ्याची आधुनिक काळ करू लागला. तिसऱ्याची खरी सत्ता किती, याची जाणीव मात्र आपल्याकडे अद्याप फारशी कोणास झालेली दिसत नाही.

या तिसऱ्या माणसास हल्ली क्युरेटर म्हणतात. शेकडो चित्रांतून वीस निवडणे, त्यांचा क्रम लावणे, कोणत्या चित्रास भिंत मोकळी सोडायची आणि कोणते कोपऱ्यात टांगायचे हे ठरविणे, आणि चित्राशेजारच्या हातभर चिठ्ठीवर त्याचा परिचय लिहिणे, हे त्याचे काम. काम दिसते कारकुनी. परंतु त्या चिठ्ठीवर चित्रकाराचे नाव, गाव आणि साल लिहिले तर ते चित्र एका व्यक्तीची कृती ठरते, आणि त्याच जागी नुसते ‘वारली, ठाणे जिल्हा’ एवढेच लिहिले तर तेच चित्र एका जमातीचा नमुना होऊन वस्तुसंग्रहालयातील टोपल्या-भाल्यांच्या रांगेत जाऊन बसते. चिठ्ठी लिहिणारा हात कोणाचा, हा प्रश्न म्हणूनच चित्र काढणाऱ्या हाताइतकाच महत्त्वाचा आहे. आणि महाराष्ट्रात त्याचे उत्तर शोधायचे झाल्यास पवनीहून राज्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, डहाणू तालुक्यातील गंजाड गावी जावे लागते.

वारल्यांच्या लग्नात घरातील आतल्या भिंतीवर चौक लिहितात. शेणाने सारवून गेरूने लाल केलेल्या त्या भिंतीवर तांदळाचे पीठ पाण्यात कालवून, बांबूच्या काडीचे टोक चावून त्याचा कुंचला करून सुवासिनी पालघट देवीचा चौकोन रेखतात, आणि धवलेरी आपल्या गाण्यांनी ते लग्न लावते. दोन टोकांनी जुळलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचे धड, वर्तुळ म्हणजे शिर. इतक्या अल्प सामग्रीतून झाड, मुंगी, तारपा आणि त्याभोवती फेर धरून नाचणारी माणसे उभी राहतात. हे लेखन स्त्रियांच्या अधिकाराचे होते, ते कोठे, केव्हा आणि कोणी करावे याचे दंडक ठरलेले होते आणि त्यांचा निवाडा जमातीतच होत असे, ही गोष्ट ध्यानी ठेवली पाहिजे; कारण पुढे या कलेची जी कीर्ती झाली ती बव्हंशी पुरुषांच्या पदरात पडली, आणि ज्या बायांच्या बोटांतून ती उतरली त्यांची नावे पवनीच्या पाथरवटांप्रमाणेच नाहीशी झाली.

भास्कर कुलकर्णी हे या इतिहासातील एक विलक्षण पात्र. मुंबईच्या विणकर सेवा केंद्रातील हा चित्रकार. रेशीमकाठी वस्त्रांसाठी एकेकाळी नाव असलेल्या पवनीच्या वाचकास विणकामाशी निगडित कचेरीतला माणूस चित्रकलेच्या इतिहासात कसा शिरला याचे कौतुक वाटावे. १९६६-६७ च्या दुष्काळात पुपुल जयकर यांनी त्यांना बिहारात पाठविले, आणि मिथिलेच्या बायांनी भिंतीवरचे चित्र कागदावर उतरवून चार पैसे मिळवावेत, हा खटाटोप त्यांनी केला. त्यानंतर तेच कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांत येऊन राहिले, आणि कागद व रंग वाटता वाटता जिव्या सोमा म्हसे या माणसापाशी येऊन थांबले.

जिव्यांचा जन्म १९३४ चा. बालपणी आई गेली आणि त्या आघाताने ते बोलेनासे झाले. मनातील गोष्ट ते धुळीत बोटाने चित्र काढून सांगत. पुढे गंजाडच्या कळंबीपाड्यावर ते स्थिरावले. लग्नाच्या चौकाचे काम बायांचे, त्यामुळे पुरुषाने रोज उठून चित्र काढावे हेच मुळी रूढीबाहेरचे होते. परंतु जिव्यांनी देवीचा चौकोन बाजूस ठेवून शेत, नदी, पाऊस, मुंग्यांची वारुळे काढावयास घेतली. त्यांच्या चित्रांतील मासे पकडण्याचे जाळे एकदा पाहावे. अवघा कापडाचा पट त्या जाळ्याच्या बारीक विणीने व्यापलेला असतो, विणीतील एकही रेघ पट्टीने ओढलेली नसते, आणि तरीही पाण्यात पसरून डोलणाऱ्या जाळ्याचा भार डोळ्यांस जाणवतो. मासे आणि कोळी हे त्या एवढ्या विस्तारात कडेला कोठेतरी इवलेसे. समग्र जाळे आधी आणि माणूस नंतर, अशी ती दृष्टी आहे.

१९७५ साली मुंबईच्या केमोल्ड दालनात केकू गांधी यांनी जिव्यांची चित्रे मांडली. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ साली पॅरिस येथे झाँ-युबेर मार्तँ यांनी भरविलेल्या ‘पृथ्वीचे जादूगार’ या अर्थाच्या नावाच्या गाजलेल्या प्रदर्शनात ती पोचली. १९९८ साली दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात ज्योतिंद्र जैन यांनी ज्या पाच लोककलावंत व आदिवासी कलावंतांस ‘दुसरे उस्ताद’ म्हणून पुढे आणले त्यांत जिव्या होते. २००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या मातीच्या कामांशेजारी त्यांची चित्रे लागली. २००९ चा हॉलंडचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार, २०११ ची पद्मश्री. अशी ही सनावळी. १५ मे २०१८ रोजी ते निवर्तले, आणि सदाशिव व बाळू हे त्यांचे पुत्र आज चित्रे काढीत आहेत. राष्ट्रीय पुरस्काराच्या वेळी देऊ केलेल्या जमिनीच्या तुकड्याचा ताबा मिळण्यास मात्र तीन दशकांहून अधिक काळ लागला. दफ्तरांच्या त्या गतीविषयी काय लिहावे! ज्याच्या चित्रांना युरोपच्या भिंती मोकळ्या झाल्या, त्याला सातबाऱ्यावर नाव लागण्यासाठी वाट पाहावी लागली.

आता ही सनावळी पुन्हा एकवार वाचून पाहावी. कुलकर्णी, गांधी, मार्तँ, जैन: निवडणारे सारेच जाणकार, बहुतेक प्रांजळ आणि कित्येक तर स्वतःच्या पदरास खार लावून घेणारे. त्यांच्याविषयी कृतघ्न होण्याचे कारण नाही. पण चाळीस वर्षांच्या या वाटचालीत निवडणाऱ्याच्या खुर्चीवर एकही वारली बसलेला दिसत नाही, एवढे खरे. भोपाळच्या भारत भवनाची कथाही याच वळणाची. १९८२ मध्ये ते उघडले तेव्हा जगदीश स्वामिनाथन या चित्रकाराने आदिवासी आणि नागर कला एकाच छपराखाली, समान दर्जाने मांडण्याचे धाडस केले, आणि पाटनगढच्या जनगढसिंह श्याम या परधान-गोंड तरुणास तेथे आणले; ज्या परधानांनी पिढ्यान्‌पिढ्या बाण्यावर गोंड राजांची गाणी गाइली त्यांच्या वंशजाने गाण्यांतील देव कागदावर उतरविले. हाच जनगढ २००१ साली जपानमधील एका संग्रहालयात काम करीत असताना, घरापासून हजारो कोस दूर, आत्महत्या करून मेला. त्याच्या मृत्यूची मीमांसा येथे करावयाची नाही. परंतु दालने ज्यांची आणि कलावंत ज्यांचे, त्यांच्यामधील अंतर किती असू शकते हे त्या घटनेने दाखवून दिले.

परदेशांत मात्र गेल्या चार दशकांत हे चित्र पालटले, आणि ते पालटण्यास कलावंतांनी स्वतः क्युरेटर होणे हे कारण झाले. कॅनडातील जेराल्ड मॅकमास्टर हे क्री वंशाचे चित्रकार. १९५३ चा जन्म. कला शिकून ते १९८१ मध्ये राष्ट्रीय संग्रहालयात क्युरेटर झाले, आणि कोलंबसाच्या आगमनाची पाचशे वर्षे सारे जग साजरी करू लागले तेव्हा, १९९२ मध्ये, ली-अॅन मार्टिन यांच्या साहाय्याने त्यांनी ‘इंडिजिना’ हे प्रदर्शन भरवून मूळ रहिवाशांच्या बाजूने त्या पाचशे वर्षांचा हिशेब मांडला. १९९५ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात कॅनडाच्या दालनाची सूत्रे त्यांच्या हाती आली, तेव्हा त्यांनी एडवर्ड पॉइट्रास या मूळनिवासी कलावंतास तेथे नेले. ऑस्ट्रेलियात बंजालंग वंशाचे जॉन मंडाइन यांनी तर त्याहूनही विलक्षण काम केले. गोऱ्यांच्या वसाहतीस १९८८ मध्ये दोनशे वर्षे पुरी होत होती; उत्तरेकडील रामिंगिनिंग येथे कलासल्लागार असलेल्या मंडाइन यांनी तेथील कलावंतांकडून, मृतांची हाडे ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पोकळ ओंडक्यांच्या धर्तीवर, दर वर्षाचा एक याप्रमाणे दोनशे रंगविलेले ओंडके उभे करविले. आज कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलादालनात त्यांच्यामधून चालत जाता येते. ओंडके रंगविणारे हात अनेकांचे. पण दोनशे हा आकडा आणि ते एकत्र उभे करण्याची कल्पना मंडाइनची, आणि त्या आकड्यातच सारा अर्थ आहे. २०२० मध्ये सिडनीच्या द्वैवार्षिकाचे संचालकपद विराजुरी वंशाच्या ब्रूक अँड्र्यू यांच्याकडे गेले, तेव्हा कोणास फारसे आश्चर्य वाटले नाही.

आपल्याकडे असे एखादे नाव ठळकपणे सांगता येत नसले, तरी मांडणीवरचा हक्क मागणे सुरू झाले आहे. दुर्गाबाई व सुभाष व्याम या गोंड दांपत्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र ‘भीमायन’ या २०११ च्या पुस्तकात चित्रांकित केले, तेव्हा चित्रकथेच्या नेहमीच्या चौकटींत पात्रांना कोंबण्यास त्यांनी साफ नकार दिला आणि गोंडी घरांच्या भिंतींवरील दिगण्याच्या वळणदार पट्ट्यांनी पाने विभागली. १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांना ज्या भंडाऱ्याने पराभूत केले त्या मतदारसंघातील वाचकाने ते पुस्तक अवश्य पाहावे. गंजाडचेच राजेश वांगड यांनी २०१३ पासून छायाचित्रकार गौरी गिल यांच्या कृष्णधवल छायाचित्रांवर आपल्या रेघांनी गावाच्या कथा लिहिल्या, आणि कॅमेऱ्याने जे टिपले नाही ते त्यात भरले. तेथे निवड दोघांची आहे. त्याच गावचे मयूर व तुषार वायेडा हे बंधू ब्रिस्बेनच्या आशिया-पॅसिफिक त्रैवार्षिकापर्यंत पोचले आहेत, आणि स्वतःच्या कलेविषयी दुसऱ्या कोणी बोलावे याची वाट ते पाहत नाहीत. वारली चित्रकलेस आता भौगोलिक निर्देशनाचे संरक्षणही आहे. चहाच्या कपांवर आणि शासकीय विश्रामगृहांच्या कुंपणभिंतींवर जी तारपा-नाचाची नक्कल सर्रास चालते तिला त्याने किती आळा बसला, ते डोळ्यांना दिसतेच आहे.

पूर्व विदर्भापुरते बोलायचे, तर येथे सामग्रीची वाण नाही. मंडाइनच्या ओंडक्यांविषयी वाचताना भामरागडकडच्या माडियांनी आपल्या मृतांसाठी उभारलेले दगड डोळ्यांपुढे येतात. उत्खननात निघालेले पवनीचे अवशेष जसे गावाबाहेरच्या संग्रहालयांत गेले, तसे ते दगडही एखाद्या दिवशी ट्रकवर चढतील, आणि त्यांच्या शेजारची चिठ्ठी लिहिण्यास कोणास बोलवावे हे तेव्हा ठरवण्यात अर्थ उरणार नाही. गुजरातेत तेजगढ येथे, बडोद्याच्या विद्यापीठातील प्राध्यापकी सोडून गेलेल्या गणेश देवी या भोरच्या मराठी माणसाने आदिवासी अकादमी उभारली, आणि तेथील ‘वाचा’ संग्रहालयात राठवा व इतर जमातींची तरुण मुले आपल्याच घरची वाद्ये, देव आणि भांडी मांडू लागली. तेजगढची ती इमारत काही फार मोठी नाही. गडचिरोली, गोंदिया वा भंडारा जिल्ह्यातील एखाद्या आश्रमशाळेच्या आवारात तेवढी जागा सहज निघेल. आणि गोंड, हलबा, माडिया घरांतील पदवीधर मुलेही आता कमी नाहीत, ज्यांना आजीने भिंतीवर काय लिहिले आणि का लिहिले हे पुस्तकात शोधावे लागत नाही.